बिनचाकाची गाडी

स्वित्झर्लंड, बर्फाचा मुलूख
ता. ८ डिसेंबर १९३५

माय मनकर्णाबाई, मु. अनसिंग, इच्या पायावर जगदेवचं डोकं.

पत्र शालिग्रामच्या हाती पडेल. तो अनसिंग ठेसनात रुळाचे सांधे बदलून मोकळा झाला की तुले वाचून दाखवेल. शाल्या, हळू वाच, अन् मायले मधात बोलू दे.

मी खुशाल आहे. खुशाल लिहायचं असते म्हणून लिहिलं, तसा थकलो आहे. वाशीमच्या कापसाच्या जिनात होतो तवा वाटे मुंबई पाहावं. मुंबईत गॅरेजात होतो तवा वाटे बोटीवर जावं. आता हॅरिस साहेबासंगं विलायतेले येऊन चार वर्सं झाली. आता मले कुठंच जावंसं वाटत नाही, पण साहेबाले वाटते. त्या माणसाले एका जागी चहा गार होईपर्यंत बसवत नाही. उन्हाळाभर मोटारीच्या शर्यती झाल्या. तिथं सिमेंटची गोल वाट केली आहे, परातीच्या काठावानी कडेले उचललेली. तिच्यावर मोटारी फिरतात अन् जिथून सुटल्या तिथंच येतात, अन् लोक टोप्या उडवतात. ती मोटार मी तीन उन्हाळे पुसली. आता ती फडक्याखाली झोपली आहे अन् साहेब मले घेऊन या डोंगरावर आला.

इथं खेळ निराळा. डोंगरावरून खालपर्यंत बर्फाची नाली खोदली आहे, सापावानी वळणाची. तिच्या भिंती वळणावर माणसाहून उंच. त्या नालीतून एक लोखंडी सांगाडा सोडतात. त्याले खाली चाक नाही, चार पट्ट्या आहेत, तलवारीच्या पात्यावानी. वर चौघं बसतात, एकाच्या मांडीत दुसरा, जशा गाडीत ज्वारीच्या पेंढ्या. पुढच्याच्या लोकरी कोटाले ओल्या मेंढीचा वास येते. पुढचा हाकते, बाकीचे कलतात, अन् मैलभराची वाट दीड मिनिटात संपते. लोक त्याले बॉब म्हणतात, जसा काही शेजारचा पोट्टा.

माझं काम त्या पट्ट्या घासायचं. आधी खरखरीत कागद, मंग बारीक कागद, मंग तेलाचं फडकं. कुठं रेघ राह्यली त साहेब बोलत नाही, नख फिरवून दाखवते. दिवसाचे सहा तास मी वाकलेला असतो. बोटं उकलली आहेत. तू भेगांवर मेण अन् तेल लावायची, इथं मेण आहे पण ते पट्ट्यांसाठी.

तू मनात भलतं आणू नको. निघायच्या दिवशी बाबाच्या पराणीवर हात ठेवून तू माझ्याकडून जे वदवून घेतलं ते माझ्या ध्यानात आहे. शर्यतीच्या गाडीत बसणार नाही, अन् बसलो त तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. बाबा पटात, बैलांच्या शर्यतीत, छकड्याखाली येऊन गेला तो दिवस मी बी पाह्यला आहे. मी घासतो, पुसतो, ओढतो. बसत नाही.

साहेब म्हणते, वैशाखात तुले घरी धाडतो. मागच्या वैशाखात बी म्हणला होता. माझे कागद त्याच्याच पेटीत आहेत.

तुझा
जगदेव


अनसिंग
ता. २ जानेवारी १९३६

चि. जगदेवले माय मनकर्णाचा आशीर्वाद. लिहिणार शालिग्राम.

तुह्यं पत्र भेटलं. शालिग्रामनं फलाटावरच्या बाकावर बसून वाचलं. हौसाबाई वांगे घेऊन वाशीमच्या गाडीची वाट पाहून राह्यली व्हती, ते बी आयकत बसली. तांड्यावरचा बाबूसिंग व्हता. गाडी आली अन् गेली, हौसाबाईचे वांगे फलाटावरच राह्यले. आता मले बोल लावते.

घरचं सांगते. कापसाची तिसरी वेचणी चालू हाये. तुरी भरल्या. पाखऱ्या बैल आता काई कामाचा नाही, पण मी त्याले इकत नाही. तुह्या बापाच्या जोडीतला तोच एक उरला. सकाळी दाराकडं तोंड करून उभा राह्यते.

आता मी इचारते त्याचं उत्तर देजो. चाक नाही, बैल नाही, इंजीन नाही, मंग हे चालते कायच्यावर? अन् चालली त थांबते कशी? चौघं कायले लागतात, एकानं भागत नाही काय? दोन जोड्या बराबर सुटतात का आपल्या पटावानी? खाली पोचल्यावर ते धूड वर कोण आनते? उलटली त माणसाचं काय होते?

बाबूसिंग इचारते, कासरा कोणाच्या हाती असते अन् पराणी कोणाले टोचतात. हौसाबाई इचारते, बर्फावर बसून बसून त्या लोकांचं बूड गारठत नाही काय. मी म्हटलं हे लिहू नको, त शालिग्राम म्हणते हाच सगळ्यात चांगला सवाल हाये.

मोटारीचं बी सांग. गोल फिरून तिथंच यायचं त जातात कायले? शालिग्राम म्हणते, मधातच थांबून चाक बदलतात. अर्ध्या पटात कोणी चाक बदलते काय? अन् वाशीमले एका वकिलाच्या घरी त्यानं शर्यतीच्या मोटारीचा फोटो पाह्यला, तिच्यात दोन बैठका व्हत्या म्हणते. एकीवर साहेब बसत असन. दुसरीवर कोण बसते?

अन् बर्फाच्या गाडीत सगळ्यात मांगं जो बसते, त्याचं काम काय?

सगळ्याचं लिहजो. एक बी सोडजो नको.

जेवत जाय. बोटाले ते पट्ट्याचं मेण लाव, साहेब काई म्हणत नाही.

(जग्या, शालिग्राम लिहितो. मावशीनं हे सवाल एका दिवशी नाही सांगितले. चार दिवस येत होती. एकेक सवाल घेऊन यायची, लिहून झाला की म्हणायची, वाचून दाखव, अन् उठून जायची. मले वाटलं होतं तुझ्या गमतीनं ती हसेल. ती हसली नाही.)


स्वित्झर्लंड
ता. २४ जानेवारी १९३६

तीर्थरूप मायले दंडवत.

तुझे सवाल भेटले. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. इथं कोणी मले काई विचारत नाही, फक्त सांगतात, म्हणून बरं वाटलं.

चालते ती उतारावर. डोंगरच तिचा बैल आहे. सुरुवातीले ढकलतात, मंग उड्या मारून बसतात, अन् त्याच्यापुढं कोणाचं काई चालत नाही. चौघं अशासाठी की जितकं वजन तितकी धाव. हलक्या माणसाले इथं भाव नाही. आपल्या इकडं छकडा हलका पाह्यजे अन् हाकणारा धुरकरी वाळलेला पाह्यजे, इथं उलटं. वजन कमी पडलं त शिसं बांधतात.

दोन जोड्या बराबर सुटत नाहीत, नालीत जागा नाही. एकेक सुटते. शर्यत घड्याळाशी आहे. ज्याच्याशी लागली तो बाजूले दिसत नाही, मागंपुढं कोणी नाही, खाली येऊन पाटी पाहाव लागते की आपण जिंकलो का हारलो. वर आणायले घोडे आहेत. उतरायले दीड मिनिट अन् चढायले पाऊण तास. माझा सगळा वेळ चढण्यातच जाते, घोड्यासंगं पायी.

बाबूसिंगले सांग, कासरा नाही, पुढच्याच्या हाती एक लहान चाक असते, त्यानं पुढच्या पट्ट्या वळतात. पराणी कोणालेच नाही. हौसाबाईले सांग, बूड गारठत नाही, भीतीनं गरम राह्यते.

उलटली त कधी नुसतं खरचटते. कधी नाही.

मोटारीचं. गोल कायले फिरतात हे मी साहेबाले विचारलं होतं. तो म्हणला, सरळ रस्ता संपून जाते. चाक अशासाठी बदलतात की रबर उन्हानं अन् घासण्यानं फाटते, फुग्यावानी फुटते. एक वाकते, एक उचकते, एक ठोकते, अन् साहेब खाली बी उतरत नाही. शेवटी काळ्यापांढऱ्या चौकटीचा झेंडा दाखवला की संपलं. चौकटी काहून, साहेबाले बी माहीत नाही.

आता मागच्याचं. बर्फाच्या गाडीत मागं बसते त्याच्या हाती ब्रेक असते. दोन दांडे. ओढले की खाली लोखंडी दात बर्फात रुततात अन् गाडी थांबते. पण शर्यतीत खाली पोचेपर्यंत त्यानं ब्रेकले हात लावायचा नाही. लावला की घड्याळ हरते अन् नाली बी खराब होते. म्हणजे ब्रेकवाल्याचं काम ब्रेक न लावायचं. चौघातला तोच एक असा आहे की ज्याले काईच दिसत नाही. समोर तीन पाठी. वळण आलं की पुढचे ते तिघं कलतात, मागच्यानं बी त्याच वेळी कलायचं, अंदाजानं. भिंत अंगावर येते, बर्फाचे कण सुईवानी टोचतात, अन् खालच्या, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या वळणावर आमी दम सोडतो तवा पुढच्याच्या मानेवर वाफ गोठून पांढरी होते. मंग सरळ लागते. मंग घंटा. मंग ब्रेक.

झालं. सगळे सवाल संपले वाटते.

पाखऱ्याले माझ्याकडून खाजव, शिंगाच्या मागं.

तुझा
जगदेव


(त्याच पाकिटात घडी केलेली चिठ्ठी)

शाल्या, हे एकट्यानं वाच अन् चुलीत टाक.

मी बसतो. डिसेंबरापासून सरावाले बसवत होते, कोणी आलं नाही की वजन म्हणून. माझं वजन कमी म्हणून कमरेले शिशाचा पट्टा. आता साहेबाचा खरा ब्रेकवाला हॉटेलाच्या पायऱ्यावर घसरला अन् त्याचं मनगट मोडलं. डोंगरावरून शंभरदा खाली आला तो माणूस, अन् पायऱ्यावर मोडला. सोळा फेब्रुवारीले मोठी शर्यत आहे. साहेब म्हणते, तू मागं बस, सतरा तारखेले बोटीचं तिकीट अन् कागद तुझ्या हातात.

मी नाही म्हणलो. दोनदा म्हणलो. मंग तो म्हणला, मंग वैशाखात पाहू. साहेबाचा वैशाख तुले माहीत आहे.

मायच्या दारात जायचं तिकीट पाह्यजे त मायची शपथ मोडाव लागते. अन् शपथ मोडली त दार नाही. चार राती हाच हिशेब करून राह्यलो अन् बाकी शून्यच येते.

मायच्या पत्रात कुठं माझा हात घसरला असेल त वाचताना सांभाळून घे. तू सांधेवाला आहेस, गाडी दुसऱ्या रुळावर घालता येते तुले.

जग्या


अनसिंग ठेसन
ता. १७ फेब्रुवारी १९३६

जग्या,

हे पत्र मी चोरून लिहून राह्यलो. तुझी शर्यत काल झाली असेल. तू हातपाय घेऊन आहेस का नाही हे बी मले माहीत नाही, अन् तरी लिहितो, कारण इथं माझ्याच्यानं एक चूक झाली.

तुझं पत्र मावशीच्या ओसरीवर वाचलं. ती सुपात तुरी पाखडत होती. मी आधी एकट्यानं वाचून ठेवलं होतं, कुठं तू फसलास ते मले ठाऊक होतं. खालच्या वळणाची ओळ आली अन् मी 'ते दम सोडतात' असं वाचायले गेलो. पण डोळ्यापुढं 'आमी' होतं. जीभ मधात अडकली.

सूप थांबलं.

"काय लिहलं तिथं?"

"ते, मावशी. ते दम सोडतात."

"मंग अडखळला काहून?"

"अक्षर खराब आहे जग्याचं."

"त्याचं अक्षर पाचवीपासून खराब हाये. तवा नाही अडखळला तू. जे लिहलं ते वाच."

मी वाचलं. 'आमी'.

मले वाटलं ती रडेल, नाही त तुले शिव्या देईल. तिनं सूप उचललं अन् उरलेल्या तुरी पाखडल्या. सगळ्या. मंग म्हणली, "एक उत्तर त्यानं नाही देल्लं." मी म्हटलं, सगळी त देल्ली. म्हणली, "नाही. जाय तू, तुह्या गाडीची वेळ झाली."

दुसऱ्या दिवशी ती भगवंतरावाच्या घरी गेली. हो, तेच, पटाचे पंच, ज्यांनी तुझ्या बाबाच्या टायमाले झेंडी धरली होती. चौदा वर्सांत ती त्यांच्या दारात गेली नव्हती. काय बोलणं झालं मले ठाऊक नाही, मी ड्युटीवर होतो. हौसाबाई सांगते की बाबूसिंगले बी बोलावून घेतलं होतं अन् दोनतीन म्हातारे जमले होते अन् मोठ्यानं बोलणं चाललं होतं. परत आली अन् मले म्हणली, "त्याले मी सांगेन तवाच लिहजो. तवर एक अक्षर नाही."

म्हणून हे चोरून. काई बरं चिन्ह दिसत नाही, भौ. तू इकडं आलास त आधी माझ्या क्वार्टरावर उतर.

शालिग्राम


स्वित्झर्लंड
ता. २६ फेब्रुवारी १९३६

माय,

हे पत्र शालिग्रामले जसं आहे तसं वाचू दे. शाल्या, या वेळेस रूळ बदलू नको.

मी खोटं लिहिलं होतं. मी बसलो. आधी बी बसत होतो अन् सोळा तारखेच्या शर्यतीत बी बसलो, सगळ्यात मागं. साहेबानं तिकीट देतो म्हणलं होतं. हे कारण आहे, माफी मांगायले नाही सांगत.

काय झालं ते सांगतो. सुटलो. पयली तीन वळणं चांगली गेली. समोर तीन पाठी अन् वर आभाळाची एक पट्टी, बाकी काई दिसत नाही. लोक कडेले ओरडतात ते एका सेकंदात मागं राह्यते. मंग ते नालाच्या आकाराचं वळण आलं. गाडी भिंतीवर चढली. रोज जिथपर्यंत चढे त्याच्या वर चढली, असं मले वाटलं. वाटलंच. पाह्यलं नाही, मले दिसतच नाही. अन् त्या टायमाले, माय, बाबा नाही आठवला. पट नाही आठवला. तुझा सवाल आठवला. इथं जो भेटते तो विचारते, किती पळते. तू एकटीनं विचारलं होतं, थांबते कशी.

माझ्या हातानं दांडे ओढले.

दात रुतले, बर्फ उडाला, गाडी खाली बसली. आमी चौघं सरळ खाली आलो. कोणाले काई लागलं नाही. पाटीवर अडीच सेकंद जास्त. साहेब सातवा आला. मागच्या वर्साले दुसरा होता.

ब्रेक नसता लावला त उलटलो असतो का, हे कोणीच सांगू शकत नाही. साहेब म्हणते, नसतो उलटलो. तिसरा गडी माझ्या पुढं बसते. रातच्याले त्यानं माझ्या हातात आपल्या तंबाखूची अर्धी पुडी ठेवली अन् गेला.

 तीन दिवस साहेबानं पट्ट्यांवर नख बी फिरवलं नाही. चौथ्या दिवशी कागद अन् तिकीट टेबलावर ठेवलं अन् म्हणला, तुले मागं बसवून पुढं जाता येत नाही. चार वर्सात त्यानं मले इतकं खरं कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे जिंकून जे भेटणार होतं ते हरून भेटलं.

मार्सेय बंदरातून वीस मार्चची बोट आहे. चार-पाच एप्रिलले मुंबई. तिथं सोमला ड्रायव्हर आहे, आपल्याकडचा, त्याच्या खोलीवर उतरतो. त्याचा पत्ता खाली दिला. पुढं नाही येत. बोललो होतो की दारात पाय ठेवणार नाही, ते निदान पाळतो. गॅरेजात काम भेटेल. मोटारी पुसता येतातच.

मी लय थकलो, माय. जितकं फिरलो तितकं गोलच फिरलो असं वाटते. फक्त तुले माहीत असावं की मी अनसिंगपासून रातभराच्या गाडीवर आहे, सात समुद्रापार नाही.

पाखऱ्या असेपर्यंत त्याले इकू नको.

जगदेव


अनसिंग
ता. २० मार्च १९३६

जगदेव,

हे पत्र सोमलाच्या पत्त्यावर टाकते. शालिग्राम लिहून राह्यला, अन् मी सांगतलं हाये की जसं बोलीन तसं लिही, शाहणपण नको. त्यानं तुले चोरून लिहलं ते बी मले माहीत हाये. त्याची बायकोच मले सांगून गेली.

तू म्हणतो मी खोटं लिहलं. पोट्ट्या, तुह्या पयल्याच पत्रात मले समजलं व्हतं. तू लिहलं, पुढच्याच्या कोटाले ओल्या मेंढीचा वास येते. दुरून पुसणाऱ्याले तो वास येत नाही. त्याच्या पाठीले नाक लावून बसणाऱ्याले येते. मी फलाटावर आयकलं अन् तवाच उठून जाणार व्हती. मंग बसली.

मंग मी सवाल इचारले. तुले काय वाटलं, मले बर्फाची हौस हाये? मले पाहायचं व्हतं की तू जिच्यात बसला ते गाडी हाये का नाही. शपथ माह्या तोंडून निंगाली व्हती. 'शर्यतीची गाडी' असं मी म्हटलं व्हतं. आता ते मांगं घेता येत नाही, पराणीवर हात ठेवून घातलेली हाये. पण गाडी कोणाले म्हणावं हे मी एकटी ठरवत नाही. त्याले पंच हायेत.

म्हणून मी भगवंतरावाकडं गेली. ज्या माणसाचं तोंड पाहायचं नाही म्हणून चौदा वर्सं दुसऱ्या गल्लीनं पाण्याले गेली, त्याच्या ओसरीवर बसली. म्हटलं, "भाऊसायब, पटात उतरवायले गाडीले काय काय लागते?"

ते म्हणे, "दोन चाकं. दोन बैल. जू. एक धुरकरी."

"अन् चाक नसलं त?"

"त उतरवू देत नाही."

"बैल बी नसले त?"

"मनकर्णाबाई, तुमी ठीक हा ना?"

म्हटलं, "जोड बी नाही. समोर कोणी नाही, मांगं कोणी नाही, एकटीच पळते. मैलभर. अन् पराणी बी नाही."

त्यायनं आयकता आयकता एकेक बोट मुडपलं. मंग म्हणे, "ते गाडी नोहे. पट बी नोहे. त्याले मी झेंडी देणार नाही."

बाबूसिंग मधातच म्हणे, "मंग ते हाये तरी काय?" एक म्हातारा म्हणे, घसरगुंडी. दुसरा म्हणे, खुळेपणा. मी शालिग्रामनं वाचलेलं सगळं सांगतलं, की खाली लोखंडी पात हाये, वर माणूस बसवतात, अन् कायले बसवतात त वजनासाठी. तवा भगवंतरावच म्हणे, "अवं, मंग हे त वखर झालं." बाबूसिंग म्हणे, वखराले बैल लागतात. भगवंतराव म्हणे, "उतारावर नाही लागत."

चौदा वर्सांनंतर मी त्या घरी हासली. मले लाज वाटली, पण हासली.

तुले आठोते का? तू पाच वर्साचा असशीन. वखर जमिनीत रुतत नव्हतं म्हणून मी तुले त्याच्यावर बसवत जाय. तुह्या बापानं हाकायचं अन् तू वजन. धूळ तुह्या नाकातोंडात जाय अन् तू रडे, अन् मी बांधावरून म्हणो, बस रे राजा, दोन फेरे राह्यले. तवा तुले वजन मीच केलं. तवा शपथ नाही घातली. आता कायले लागू करू?

पंचाचं म्हणणं असं, जे चार म्हाताऱ्यांपुढं झालं: धुरकऱ्याले शपथ लागते, वजनाले लागत नाही. मी ते मान्य केलं.

ब्रेक लावला ते बरं केलं. साहेब काय म्हणते ते त्याच्यापाशी. तुह्या बापाच्या छकड्याले ब्रेक नव्हता.

आता एक राह्यलं. मी तुले मोटारीच्या दुसऱ्या बैठकीचं इचारलं व्हतं. एकीवर साहेब, दुसरीवर कोण. बाकी सगळ्याचं तू लिहलं, हौसाबाईच्या बुडाचं बी लिहलं, तेवढ्याचं लिहलं नाही. मोटारीले चार चाकं असतात, म्हणजे ते गाडीच, हे मले शालिग्रामले इचारायची गरज नाही. भगवंतरावाले मी मोटारीचं इचारलं नाही. कोणालेच इचारणार नाही.

तू बी आता त्याचं उत्तर देजो नको. अठी आल्यावर बी नाही. मी कधी रागानं इचारलं तरी नाही.

सोमलाच्या खोलीवर दोन दिवस निजून घे अन् घराकडं निंग. पाखऱ्या अजून हाये. पण तो वाट पाहाते म्हणून येऊ नको, तो सगळ्याचीच वाट पाहाते.

अन् आगगाडीत बसशीन तवा सगळ्यात मांगच्या डब्यात बसजो नको. समोर बस. खिडकीपाशी, जठून दिसते.

माय